आधी ताईंनी खेळायचं: बालवाडीची टीम खेळातून घडवताना

‘खेळातून शिक्षण’ या विषयावर तीन तासांचं भाषण ऐकून आलेली ताई दुसऱ्या दिवशी वर्गात काय करते? तीन तास जे पाहिलं तेच. पुढे उभी राहते आणि बोलते. यात तिचा दोष नाही. माणूस जसा शिकतो तसाच शिकवतो, आणि आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं अजूनही खुर्च्यांच्या रांगा, पडद्यावरच्या स्लाइड आणि शेवटी हजेरीपटावर सही याच वळणाने जातात.

हा लेख टीम सांभाळणाऱ्या बाईंसाठी आहे. म्हणजे बालवाडीच्या मुख्याध्यापिका, अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, नाशिकच्या सिडको-इंदिरानगरात घराच्या तळमजल्यावर चार-पाच जणींना घेऊन प्लेग्रुप चालवणाऱ्या संचालिका. तुमच्याकडे सेविका असो, ताई असो की गंगापूर रोडवरच्या शाळेतली ‘मिस’, पद्धत एकच. पैसे फारसे लागत नाहीत. वेळ लागतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळाचे तीन प्रकार मांडले आहेत. मुक्त खेळ मूल ठरवतं, मूलच चालवतं. मार्गदर्शित खेळात पुढाकार मुलाचा आणि साथ ताईची. नियोजित खेळ ताई ठरवते, नियमही तिचेच. आता तुम्ही पाहिलेलं कुठलंही ‘धमाल’ प्रशिक्षण आठवा. अंताक्षरी, कागदी कपांचे मनोरे, संगीत खुर्ची. सगळा तिसरा प्रकार. पहिला प्रकार मोठ्यांच्या वाट्याला येतच नाही, आणि म्हणून वर्गातही तो ‘मोकळा वेळ’ या नावाने उरलेल्या दहा मिनिटांत ढकलला जातो. खाली जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं याच एका दुखण्यावरचं औषध आहे.

वेळ आधी ठरवा

रविवारी प्रशिक्षण ठेवलंत तर ताई येतील, पण मन घरी ठेवून येतील. महिन्यातला एक शनिवार मुलांना लवकर सोडा आणि अडीच तास काढा. वर्षभराच्या तारखा पालकांना जूनमध्येच छापून द्या. हा वेळ पगारी असला पाहिजे. ज्या शाळेत पगार वीस तारखेपर्यंत लांबतो तिथे ताईंना फुगे फुगवायला लावणं हा अपमान आहे. आधी पगार सुरळीत करा, मग हा लेख पुढे वाचा.

तारखा धरताना नाशिकचं कॅलेंडर डोळ्यांपुढे ठेवा. श्रावणातले सोमवार आणि त्यांच्या आगेमागे त्र्यंबक रस्ता टाळा. निम्म्या जणींचा उपासही असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाड भागात द्राक्षाची काढणी जोरात असते, तिथल्या मदतनीस आणि पालक दोघंही बागांत अडकलेले असतात. रंग आपल्याकडे खेळला जातो तो रंगपंचमीला, जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, त्याच दिवशी उघडतात. तो दिवस आणि दुसरा दिवस दोन्ही सोडून द्या. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. शाळा पंचवटीत असेल तर त्या दोन महिन्यांत मोठं सत्र ठेवायचा विचारही नको.

अंगणवाडीत स्वतंत्र शनिवार मिळणं कठीण. वजन-उंची, गृहभेटी, पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी यात सेविकेचा दिवस सरतो. तिथे बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, मासिक बैठकीची पहिली चाळीस मिनिटं घ्या. पहिलीच, शेवटची नव्हेत. नोंदवह्या एकदा उघडल्या की दुसरं काही उघडत नाही. अंगणवाडीत शिक्षणावर भर देणारा केंद्राचा ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम २०२३ मध्ये सुरू झाला, तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम तर आहेच. त्यामुळे ही चाळीस मिनिटं कशासाठी असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे कागदी उत्तरही आहे.

पहिली पायरी: तीन आठवडे नुसतं बघा

कुठलाही खेळ घेण्याआधी प्रत्येक ताईच्या वर्गात कोपऱ्यात बसा. वीस मिनिटं पुरतात. हातात फॉर्म नको. फॉर्म दिसला की ताईचा आवाज बदलतो. पाहायचं एवढंच: ती किती बोलते आणि मुलं किती बोलतात, तिच्या प्रश्नांना एकच उत्तर असतं की अनेक, आणि मूल काही वेगळंच करायला लागलं की ती काय करते. या तिसऱ्या प्रश्नाकडे जास्त लक्ष द्या. ‘असं नाही, असं’ हे वाक्य किती वेळा येतं त्यावरून पुढचं सत्र ठरेल.

निघताना तिला एकच विचारा: ‘आज कुठे हात टेकले?’ उत्तरं ऐकून घ्या, सल्ला देऊ नका. तीन आठवड्यांत तुमच्याकडे टीमच्या खऱ्या अडचणींची यादी तयार होते. बहुतेकदा ती अशीच निघते: रडणारी नवी मुलं, हात उगारणारं एखादं मूल, ‘लिहायला कधी शिकवणार’ म्हणणारे पालक आणि घरची भाषा वेगळी असलेली मुलं. खालची सत्रं याच क्रमाने घ्या असं नाही. तुमच्या यादीत जे वर असेल ते आधी. अपवाद एकच, खोका. तो सगळ्यांत आधी.

खोक्याचं सत्र

एक मोठा खोका घ्या. जूनपासून त्यात सटरफटर साठवा: द्राक्षांच्या पेट्यांतले कागद, कांद्याच्या जाळीदार गोण्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचं, शिंप्याकडच्या चिंध्या, दोऱ्याची रिकामी रिळं, जुन्या बांगड्या, चिंचोके, सागरगोटे, नदीकाठचे गुळगुळीत गोटे, पुठ्ठ्याच्या नळ्या, सुतळी. सातपूर-अंबडला कुणाचं वर्कशॉप असेल तर मोठे वॉशर आणि पाइपचे तुकडेही मिळतात. मात्र तेल धुऊन, कडा घासून घ्या. टीमच्या प्रत्येकीने काहीतरी आणलं पाहिजे. विकतचं काही नको.

सत्राच्या दिवशी सतरंजीवर हे सगळं पसरून ठेवा. ताई आत आल्या की सांगा, ‘पंचवीस मिनिटं आहेत. या वस्तूंशी काय वाटेल ते करा.’ आणि गप्प बसा.

पहिली पाच मिनिटं अवघड जातात. कुणीतरी विचारेलच, ‘मॅडम, नक्की काय बनवायचंय?’ कुणी फोन काढेल. दोघी-तिघी वस्तू रंगांप्रमाणे लावायला घेतील, कारण तेवढं ‘शैक्षणिक’ वाटतं. मदतीला धावू नका. उत्तर एकच द्या, ‘तुम्हाला वाटेल ते.’ सातव्या-आठव्या मिनिटाला कुणीतरी सुतळी ओढते, कुणी बुचांचा घाट मांडते, कुणी त्यावर गोण्यांचं छप्पर घालते आणि खोलीतला आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला शिका, वर्गातही तोच ऐकायचा आहे.

आता या सत्राची खोड. पंधराव्या मिनिटाला तुम्ही उठा आणि फिरायला लागा. एकीला म्हणा, ‘वा, छान छान!’ दुसरीला विचारा, ‘हे काय आहे? घर आहे का?’ तिसरीच्या हातातला तुकडा घेऊन नीट लावून द्या: ‘हा इथे शोभेल बघ.’ चौथीशेजारी नुसत्या बसा आणि ती काय करते ते पाहत राहा. पाचवीला म्हणा, ‘ही नळी तिरकी ठेवलीत, त्यामुळे गोटा घरंगळतोय.’ म्हणजे जे दिसलं तेवढंच बोला, शेरा नको.

वेळ संपली की गोल बसा. खरं सत्र आता सुरू होतं आणि ते खेळापेक्षा मोठं असलं पाहिजे. किमान चाळीस मिनिटं धरा. विचारायचे प्रश्न:

– सुरुवातीला काही सांगितलं नाही तेव्हा पोटात काय झालं?
– मी तुमच्याजवळ आले तेव्हा खेळ पुढे गेला की थांबला?
– ‘छान’ म्हटल्यावर काय केलंत?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ‘छान’ ऐकलेली ताई बहुधा तिथेच थांबलेली असते. झालं, मॅडमना आवडलं, आता आणखी काय करायचं? जिच्या हातातून तुकडा घेतला तिला तो खेळच आपला वाटेनासा झालेला असतो. मग खेळाची खोड उघड करा, कुणाशी मुद्दाम कसं वागलात ते सांगा आणि विचारा, ‘वर्गात आपण दिवसभरात यातलं काय सगळ्यात जास्त करतो?’ उत्तर तुम्ही देऊ नका. त्या देतील, आणि हसून देतील. तेच हवं आहे.

हे परदेशी खूळ आहे असं एखादी ज्येष्ठ ताई म्हणेल. सुट्या वस्तू जितक्या जास्त तितकी कल्पकतेला वाव अधिक, हा विचार सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये मांडला, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघांच्या साथीने पानं, बिया, शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. पुढे कोसबाडला गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. अंगणवाडी या कल्पनेचं मूळ याच कामात आहे. त्या ताईंना हे सांगा, त्यांचा विरोध मावळतो.

हाच खोका पुढे वर्गात जाणार असेल तर एक तपासणी कराच. साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती द्यायची नाही. घशात अडकू शकते. चिंचोके, सागरगोटे, लहान बुचं बाजूला काढा. ही छाननी ताईंनाच करायला लावा, नियम लक्षात राहतो.

गुडघ्यावरची फेरी

हा प्रकार मात्र वरच्या क्रमाबाहेरचा: जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलं येण्याआधी, वीस मिनिटांत होणारा. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर. भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारा. आता प्रत्येक ताईने डोळे त्या रेघेच्याही थोडे खाली आणून दारापासून नळापर्यंत जायचं. गुडघे दुखत असतील तर छोट्या स्टुलावर बसून चार ठिकाणांहून बघितलं तरी चालेल.

काय दिसतं? नजरेपुढे टेबलाची खालची बाजू, लोंबणारी वायर, मोठ्यांचे गुडघे. कौतुकाने लावलेले तक्ते कुठेतरी छताजवळ. नळ हाताला येत नाही. दारात आई दिसेनाशी झाली की तिला पाहायला एकही खिडकी नाही. पहिल्या दिवशी मूल का रडतं यावर याहून चांगलं व्याख्यान मला तरी माहीत नाही. फेरी झाली की लगेच, त्याच दिवशी, तीन वस्तू खाली आणा. उद्यावर ढकललं की राहूनच जातं.

तळ्यात-मळ्यात, पण उलटं

पावसाळ्यात मुलं वर्गात कोंडलेली असतात आणि ताई वैतागलेल्या. जुलैचं सत्र यावर घ्या. जमिनीवर रेघ आखा आणि साधं तळ्यात-मळ्यात दोन मिनिटं. मग नियम उलटा: ‘तळ्यात’ म्हटलं की मळ्यात उडी. मग तिसरा शब्द आणा, ‘काठावर’, म्हणजे एका पायावर उभं राहायचं. हसून हसून पोट दुखेल.

श्वास खाली बसला की विचारा, डोक्यात काय चाललं होतं? तीन गोष्टी निघतील. निघालेलं पाऊल आवरणं, नियम लक्षात धरणं आणि नियम बदलला की स्वतः वळणं. मेंदूविज्ञानात ज्याला कार्यकारी कौशल्यं म्हणतात ती नेमकी हीच. तीन ते पाच या वयात ती झपाट्याने वाढतात आणि शाळेत टिकून बसण्यासाठी अक्षरओळखीइतकीच कामाला येतात. ‘शांत बस’ म्हणून ती येत नाहीत, अशा खेळांनी येतात.

यानंतर एक कोडं टाका. या खेळात चुकणारा बाद होतो, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत आधी भिंतीला टेकून बसतो. कुणीही बाद होणार नाही असा खेळ करून दाखवा. दोन गट करा, दहा मिनिटं द्या. एक गट चुकणाऱ्याला पुढची आरोळी द्यायला लावेल, दुसरा रेघेची जागा बदलेल. लंगडी, आंधळी कोशिंबीर, मामाचं पत्र यांचीही अशीच चिरफाड पुढच्या महिन्यांत करता येते. आपल्या गल्लीतल्या खेळांत काय काय दडलंय हे कळल्यावर ताई महागड्या खेळण्यांचे कॅटलॉग कमी चाळतात. ‘जादुई पिटारा’ हा एनसीईआरटीचा खेळणी-साहित्याचा संच मिळाला असेल तर उत्तमच, पण तो कपाटात कुलूपबंद ठेवू नका. एक खेळणं हरवलं तर चौकशी होईल या भीतीने अनेक ठिकाणी तो नवाकोरा पडून असतो.

एक श्वास थांबा

ही पंधरा मिनिटांची गोष्ट आहे, पण वर्गात सगळ्यात लवकर फरक हिनेच पडतो. मेरी बड रोव या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं त्यांना आढळलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न बोलणारी मुलं बोलू लागली, मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले.

तिघी-तिघींचे गट करा. एक ताई, एक मूल, एक निरीक्षक. ‘ताई’ने एक वस्तू दाखवून प्रश्न विचारायचा आणि ओठ मिटून एक पूर्ण श्वास घ्यायचा, सोडायचा. मध्ये बोलली की निरीक्षकाने चुटकी वाजवायची. चुटक्यांचा पाऊस पडतो. मग भूमिका बदला. पुढचा आठवडाभर वर्गांच्या दारावर मिटलेल्या ओठांचं एक चित्र चिकटवा, बाकी काही नको.

जेव्हा मावशी शिकवतात

नाशिकच्या बालवाडीत मराठी एका छापाची नसते. पेठ-सुरगाण्याहून बांधकामावर, द्राक्षबागांत आलेल्या घरांत कोकणा बोलली जाते, मालेगाव-सटाण्याकडच्या घरांत अहिराणी, अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी किंवा भोजपुरी. ताई मात्र पाठ्यपुस्तकी मराठीत सूचना देतात आणि मूल गप्प राहिलं की ‘लाजाळू’ असा शेरा पडतो.

तुमच्या मदतनीस मावशींपैकी कुणाला तरी यातली एखादी भाषा येतच असणार. त्यांना आधी विचारा, तयारीला आठवडा द्या. सत्रात त्यांनी दहा मिनिटं सगळ्या ताईंना फक्त त्यांच्या भाषेत शिकवायचं: कागदाची होडी, भाकरी थापणं, काहीही. मराठीचा एक शब्द नाही. ताई पाचव्या मिनिटाला एकमेकींच्या हातांकडे बघू लागतात, उगाच हसतात, एखादी नाद सोडून देते. नंतर विचारा, ‘तुम्हाला कशाने मदत झाली?’ हावभाव, वस्तू दाखवणं, पुन्हा पुन्हा तेच सांगणं, शेजारणीची कुजबुज. ही यादी फळ्यावर लिहा आणि तशीच वर्गात न्या.

या सत्राचा दुसरा फायदा सांगितला जात नाही, पण तो मोठा आहे. ज्या मावशी एरवी दाराशी उभ्या राहून ऐकतात त्या त्या दिवशी मध्यभागी असतात. मदतनीस या टीमच्या बाहेर नाहीत, हे सूचना काढून कुणाला पटत नसतं.

डावा हात आणि पालकसभा

नवरात्रानंतर पालकांचा एकच धोशा सुरू होतो: वहीत काही दिसत नाही. या सत्राचे दोन भाग करा.

आधी सगळ्या ताईंना दुरेघी वही द्या. डाव्या हातात जाड लोकरी मोजा घालायला लावून त्याच हाताने एक वाक्य दहा वेळा लिहायला सांगा. डावखुऱ्या असतील त्यांनी उजव्या हाताने. तुम्ही मागे उभ्या राहा आणि म्हणत राहा, ‘रेषेबाहेर जातंय,’ ‘लवकर,’ ‘त्यांचं बघा, झालं पण.’ चार मिनिटांच्या वर ताणू नका, खरंच राग येतो. मग सांगा: मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. चौथ्या वर्षापर्यंत साधारण निम्म्यांचीच सुरुवात झालेली असते. पीठ मळणं, चिमटीने दाणे निवडणं, कागद फाडणं, लोंबकळणं ही त्या हाताची लिहिण्याची तयारी आहे.

हे ताईंना पटलं, आता पालकांना सांगायचं कसं? दुसऱ्या भागात चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर आजी: ‘आमच्या वेळी या वयात पाढे यायचे.’ दुसरीवर रात्रपाळी करून आलेले बाबा: ‘खेळायलाच पाठवायचं तर फी कशाची भरतोय?’ तिसरीवर आई: ‘ग्रुपवर सगळ्यांचे फोटो आले, माझ्याच्याचा नाही.’ ताई चिठ्ठ्या उचलून पालक होतील. आणि पहिल्या फेरीत ताईच्या खुर्चीत तुम्ही बसा. टीमसमोर तुमची त्रेधा उडालेली त्यांना दिसू द्या. त्यानंतर खुर्चीत बसायला कुणी घाबरत नाही. प्रत्येक फेरीनंतर खेळलेल्या ‘पालका’ला विचारा: कुठल्या वाक्याने तुमचा आवाज खाली आला? ती वाक्यं एका वहीत उतरवा. खऱ्या पालकसभेच्या आदल्या दिवशी हीच वही उपयोगी पडते, मी लिहिलेलं हे सगळं नव्हे.

दिसलं की वाटलं

निरीक्षणाच्या नोंदी हा सगळ्या बालवाड्यांचा कच्चा दुवा. ‘ओवी हट्टी आहे’ ही नोंद नाही, तो निकाल आहे. वर्गातली एक मिनिटाची चित्रफीत दाखवा. पालकांची लेखी परवानगी आधी, आणि फोनवरून ती पुढे कुठेही जाणार नाही ही खबरदारी. प्रत्येकीने तीन वाक्यं लिहायची. मग ती मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ओरडायचं, ‘दिसलं!’ किंवा ‘वाटलं!’ ‘ओवीने मण्यांची वाटी ढकलली आणि ताईंकडे पाहिलं’: दिसलं. ‘ओवीला लक्ष वेधून घ्यायचं होतं’: वाटलं. भांडणं होतात, होऊ द्या.

रोजचं नेतृत्व

महिन्याचं सत्र कितीही रंगलं तरी टीम घडते ती मधल्या दिवसांत.

सकाळची दहा मिनिटं, मुलं येण्याआधी, गोल उभं राहून. एकीने टाळ्यांचा एक ताल द्यायचा, बाकींनी उचलायचा. मग प्रत्येकीने एका वाक्यात सांगायचं, काल कुठल्या मुलाने चकित केलं. सूचना, वर्गणी, स्नेहसंमेलनाचे कपडे हे विषय इथे आणायचे नाहीत. त्यासाठी दारामागे एक कागद लावा, ज्याला जे सांगायचं ते तिथे लिहा.

आठवड्यातून एक तास तुम्ही कुठल्यातरी ताईचा वर्ग घ्या आणि त्या ताईने दुसऱ्या वर्गात जाऊन बसायचं. तपासायला नाही, तिथून एक गोष्ट चोरून आणायला. महिनाअखेरीला कुणी काय चोरलं ते सांगायचं. ‘निरीक्षण’ म्हटलं की अंगावर काटा येतो, चोरी म्हटलं की सगळ्या तयार.

वर्ग पाहून आल्यावर अभिप्राय चिठ्ठीवर द्या: दोन गोष्टी दिसलेल्या आणि एक प्रश्न. ‘समीर तीनदा ठोकळे घेऊन तुमच्यापर्यंत आला. तुम्ही खाली बसलात तेव्हा तो बोलला. त्याला उभ्याने बोलताना काय अडतं असेल?’ बस. ‘चांगला प्रयत्न’ वगैरे नको, तो शेरा झाला, आणि शेऱ्याचं काय होतं ते खोक्याच्या सत्रात पाहिलंच.

काही पथ्यं. कुठल्याही खेळात ‘मी बघते’ म्हणायची मुभा हवी, कारण न विचारता. कुणाची पाळी असते, कुणाचं घरी काही झालेलं असतं, कुणाला लोकांसमोर उड्या मारायला आवडत नाही. त्या दिवशी साडीऐवजी ड्रेस चालेल हे आधी सांगा. बक्षिसं ठेवू नका. ‘बेस्ट टीचर’चा मुकुट एकीच्या डोक्यावर गेला की बाकीच्यांचा खेळ संपतो. आणि सत्रात घडलेली गंमत नंतर कुणाला चिडवायला वापरायची नाही, तुम्ही तर नाहीच नाही.

फरक पडतोय का, हे कसं कळतं

तीन महिन्यांनी पुन्हा तीच वीस मिनिटं कोपऱ्यात बसा आणि तेच तीन प्रश्न घेऊन बघा. याशिवाय दोन खुणा आहेत. खोक्यात तुम्ही न मागता वस्तू येऊ लागतात. आणि सकाळच्या गोलात एखादी ताई म्हणते, ‘काल केलेला खेळ पार फसला,’ आणि बाकीच्या तिला झाकायला न धावता विचारतात, ‘कसा?’ ही दुसरी खूण दिसली नाही तर नवे खेळ शोधू नका. टीममध्ये भीती कुठून येते ते शोधा; बऱ्याचदा ती ऑफिसातूनच येते.

मध्येच नवी ताई आली तर तिला आधी पुस्तिका देऊ नका. पहिला आठवडा एका जुन्या ताईसोबत मुलांमध्ये, दुसऱ्या शनिवारी तिच्यासाठी खोक्याचं सत्र पुन्हा, आणि या वेळी फिरून शेरे मारायचं काम जुन्यांपैकी दोघींकडे. एकच सत्र दुसऱ्या बाजूने खेळताना त्यांना ज्या गोष्टी कळतात त्या पहिल्या वेळी कळलेल्या नसतात.

दिवाळीनंतर सत्रं जोड्यांकडे सोपवा. एका जोडीला एक महिना, विषय त्यांनी निवडायचा, वेळेचा अंदाज त्यांनी बांधायचा. तुमच्यासाठी तीनच नियम: मध्ये दुरुस्ती करायची नाही, शेवटी समारोप करायचा नाही, आणि गोलात बसताना दाराजवळची जागा घ्यायची नाही, कारण तिथून तुम्ही उठून फोन घ्याल. सामान आणायला कुणाला पाठवायचं असेल तर मात्र तुम्ही जा.